वाडीवरचा अर्धा पाऊस

महाड

पावसाळ्यात कोकणात जाऊ नये असं सांगणारी माणसं बहुतेक पुण्याची असतात, आणि त्यांनी पावसाळ्यातलं कोकण कधी पाहिलेलं नसतं. मी निघाले तेव्हा माझी धाकटी बहीण म्हणाली, "अगं, या वयात दरडी अंगावर घ्यायची हौस कशाला?" मी म्हटलं, सारी नोकरी हवामान खात्यात गेली, पण पाऊस पाहिला तो कागदावर. आता निवृत्त झालेय तर थोडा अंगावर घेऊ दे.

हे झालं बहिणीला द्यायचं उत्तर. जाण्याचं खरं कारण जरा अवघड होतं.

आम्ही काही निवृत्त मंडळी मिळून गावोगावच्या शाळांना पर्जन्यमापक देतो. उपकरण साधं असतं. वर एक नरसाळं, आत बाटली आणि सोबत खुणा केलेलं काचेचं मापपात्र. रोज सकाळी साडेआठला मुलांनी बाटलीतलं पाणी मोजायचं, फळ्यावर लिहायचं आणि आठवड्याचे आकडे पोस्टकार्डावर आम्हाला कळवायचे. पुस्तकातला 'वारे व पर्जन्य' हा धडा पोरं पाठ करतात आणि विसरतात. पण आपल्या हातानं मोजलेला पाऊस विसरत नाहीत, असा आमचा अनुभव आहे.

पोलादपूरच्या वर डोंगरात टेपवाडी म्हणून एक वस्ती आहे. तिथल्या शाळेला आम्ही मे महिन्यात असं एक यंत्र बसवून दिलं होतं. कार्डं वेळेवर येत होती, अक्षर सुरेख होतं, पण आकडे पाहून आम्ही चक्रावलो. खाली महाडला जेवढा पाऊस होत होता, त्याच्या जेमतेम निम्मा टेपवाडीला! डोंगरावर नेहमी खालच्यापेक्षा जास्त कोसळतो. मंडळातल्या एकानं चष्मा कपाळावर सरकवत निकाल देऊन टाकला, "पोरं घरी बसून आकडे लिहितायत. यंत्र काढून आणा आणि गरज असेल त्या शाळेला द्या." जायचं कोणी, तर ज्याच्यामागे संसाराचा पाश नाही त्यानं. म्हणजे मी.

गरज असलेली शाळा महाडातच होती. तिथले मुख्याध्यापक जोशी सर आमच्या किती तरी दिवस मागे लागले होते. मी पोचले तर त्यांनी मैदानाच्या कोपऱ्यात यंत्रासाठी चौथरासुद्धा बांधून ठेवलेला. चुना फासलेला, भोवती तारेचं कुंपण. नवरीचा पत्ता नाही आणि मांडव तयार, असा प्रकार. माणूस मात्र मोठा उमदा. मला म्हणाले, "आधी घावनं खा. हवामान कुठं पळून जात नाही."

महाडात पावसाळ्याचा एक वेगळाच शिष्टाचार आहे. पुण्यात माणसं भेटली की 'काय म्हणताय' विचारतात, इथं 'पाणी कुठवर आलंय' विचारतात. म्हणजे सावित्री नदीचं. दुकानदार गल्ल्यावरून उठून कोपऱ्यापर्यंत जातो, नदीकडे नजर टाकतो, परत येऊन शांतपणे साखर बांधतो. पुण्यात सर आली की आपण आडोशाला उभे राहतो. इथं आडोशाला उभा राहिलेला माणूस एकदम गणपतीलाच बाहेर पडेल. मला याची सवय नव्हती, त्यामुळे पहिल्याच दिवशी बाजारपेठेत तीन दुकानांच्या पायऱ्या अडवून मी लोकांच्या शिव्या खाल्ल्या.

दुपारी आठवीच्या वर्गावर गेले. काचेच्या बरणीत थोडं गरम पाणी ओतलं, पेटलेल्या उदबत्तीचा धूर सोडला, वर झाकण ठेवून त्यावर सरबतवाल्याकडून आणलेला बर्फ ठेवला. हळूहळू बरणीत पांढरं काही तरी घुसळू लागलं. वर्ग बाकांवर चढला. "ढग!" कोणी तरी ओरडलं. झाकण काढलं तसा तो ढग बरणीबाहेर ओघळला आणि पुढच्या बाकावरच्या मुलानं तो हातात धरायचा प्रयत्न केला.

त्याच मुलानं मग विचारलं, "मॅडम, माझे पप्पा एमआयडीसीत आहेत. तिथल्या चिमणीतून पण असेच ढग निघतात. मग आपला पाऊस तिथूनच येतो का?"

वर्ग हसला. मी हसले नाही, कारण प्रश्न चोख होता. वाफ गार झाली की तिचे बारीक थेंब होतात, ते चिमणीवरही होतं आणि आभाळातही. पण आपला पाऊस फार लांबून येतो. समुद्रावरची ओली हवा वाऱ्याबरोबर येते, सह्याद्री आडवा आला की वर चढते, चढता चढता गार होते आणि अंगावरचं ओझं टाकून देते. मी फळ्यावर डोंगर काढला आणि वाऱ्याचे बाण काढले.

"म्हणजे पोलादपूरच्या वर आमच्यापेक्षा जास्त पाऊस?" पोरानं विचारलं.

"असायला हवा," मी म्हटलं.

मागे उभे असलेले जोशी सर हलकेच हसले. तहसील कचेरीतले महाडचे आकडे त्यांना पाठ होते आणि टेपवाडीची कार्डं मी सकाळी त्यांना दाखवली होती. संध्याकाळी चहा घेताना ते म्हणाले, "मला कोणाच्या तोंडचा घास काढायचा नाही, बाई. पण यंत्र नुसतं शोभेला असेल, तर माझी पोरं खरं मोजतील." त्यांचं चुकत नव्हतं, आणि म्हणूनच मला रात्री अळूवड्या नीट लागल्या नाहीत. एरवी मी अळूवडीच्या बाबतीत कोणाचं ऐकत नाही.

टेपवाडी

दुसऱ्या दिवशी कशेडी घाटात माती रस्त्यावर आली होती, त्यामुळे पोलादपुरात ट्रकांची रांग लागली होती आणि वडापाववाल्याची चंगळ होती. वाडीकडे जाणारी एसटी त्या गर्दीतून सुटेपर्यंत माझ्या थर्मासमधला बर्फ वितळून गेला. ढग दाखवायचा माझा हुकमी खेळच गेला. मी चिडले, पण चिडायला समोर कोणी नव्हतं.

वाडीच्या फाट्यावर शाळेचे साळुंखे गुरुजी घ्यायला आले होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, खांद्यावर पोत्याची खोळ. मूळचे साताऱ्याकडचे, पण वाडीत बायकोसह खोली घेऊन राहतात. बदली मागायची सोडून हा माणूस पर्जन्यमापक मागत बसला होता. "ताई, आमच्या पोरांनी समुद्र पाहिला नाही, आगगाडी पाहिली नाही," चढावर ते म्हणाले. "पाऊस मात्र जगात कोणी पाहिला नसेल इतका पाहिलाय. म्हटलं, जे आहे त्याचंच शिक्षण होऊ दे." मी धापा टाकत नुसती मान हलवली.

शाळा वाडीच्या टोकाला होती. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे खिचडी शिजवायची शेड. वर्गात मी बरण्या मांडल्या आणि पोरांना सांगितलं, बर्फ वाटेत संपला, तर आज ढग बनवता येणार नाही. पोरं एकमेकांकडे बघून खुसूखुसू हसायला लागली. मला कळेना. इतक्यात उघड्या दारातून धुकं आत आलं, फळा दिसेनासा झाला आणि शेवटच्या रांगेतून आवाज आला, "म्याडम, आला बघा! कुटं ठेवू?"

असा वर्ग मी जन्मात घेतला नव्हता. ढगाच्या आत बसूनच आम्ही ढगाचा धडा केला. पोरांनी पाटी दारात धरली, तिच्यावर बारीक थेंब जमले, थेंब मोठे होऊन ओघळले. पाऊस कसा होतो हे सांगायला मला काही उरलं नाही.

वर्ग संपल्यावर मात्र मला माझ्या कामाकडे वळावं लागलं. यंत्र पाहिलं. पक्कं रोवलेलं, सरळ उभं, झाडापासून लांब. गळती नव्हती, नरसाळ्यात पालापाचोळा नव्हता. नोंदी सातवीतली सुवर्णा उतेकर घेत होती. बारीक अंगाची, घट्ट दोन वेण्या, बोलणं मोजकं. मी तिला मापपात्रात पाणी ओतून मोजायला सांगितलं. तिनं पात्र डोळ्यांच्या रेषेत धरलं, पाणी स्थिर होऊ दिलं आणि बरोबर आकडा सांगितला. मोठमोठी माणसं इथं घाई करतात.

मग मी तिला थेट विचारलं. आडवळणं मला जमत नाहीत. "सुवर्णा, कधी पावसाचा कंटाळा आला, तर घरी बसून आकडा लिहिलास का?"

तिचा चेहरा लालबुंद झाला. "नाय," एवढंच म्हणाली, मापपात्र पुसून जागेवर ठेवलं आणि निघून गेली. नंतर मी हाक मारली तर 'जी' म्हणून उभी राहायची, पण माझ्याकडे बघायची नाही.

गुरुजींनाही लागलं. "ताई, ही पोर पलीकडच्या टेपावरून, त्या टेकाडावरून येते. अंगावर प्लास्टिक घेऊन येते, सुट्टीच्या दिवशीसुद्धा येते. तुम्ही असं कसं विचारलंत?" मी त्यांना सगळं सांगितलं. महाडचे आकडे, पुण्यातला निकाल, जोशी सरांचा चौथरा. कारण सापडलं नाही तर उद्या यंत्र खाली न्यावं लागेल हेही सांगितलं. त्यांनी यंत्राचं नरसाळं उगाच पुसलं. शेवटी म्हणाले, "यंत्र न्या. पण पोरं खोटारडी म्हणून नेऊ नका."

दोन्हींवर माझा विश्वास होता. पोरीवर होता आणि सह्याद्रीवरही होता. पण दोघं मिळून खरं बोलत असणं शक्य नव्हतं.

संध्याकाळी गुरुजींच्या पडवीत बसले होते; एरवी या वेळी झडीपायी ते दार लावून आत बसतात, आज पाहुणी म्हणून पान पडवीत मांडलं होतं. त्यांच्या सौ.नी कुळथाचं पिठलं आणि तांदळाची भाकरी केली होती, वर खेकड्याचं कालवण. आमच्याकडे खेकडा बाजारातून येतो, इथं तो दुपारी शेजाऱ्यांच्या पोरानं ओढ्यातून आणून दिलेला. पहिला घास घेणार तोच समोर शाळेकडे लक्ष गेलं. गुरं गोठ्यात घालून पारूबाय चालली होती. ही शाळेत खिचडी शिजवते, शाळेला लागूनच हिचं घर. तिच्या हातात इरलं होतं. लावणी करताना बायका डोक्यापाठीवर घेतात ते, बांबूच्या कामट्यांचं, पानांनी शाकारलेलं. ती सरळ पर्जन्यमापकाशी गेली, इरलं त्याच्यावर नीट उपडं घातलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून कडेला दगड लावले आणि वरून मायेनं हात फिरवला.

मी हातातला घास टाकून चिखलातून धावत सुटले. या वयात.

"पारूबाय! अहो, हे काय करता?"

"झाकते, बाय," ती म्हणाली. मी का ओरडतेय ते तिला कळेना. "रातचा पाऊस लय वंगाळ. भिजंल ना तुमचं यंत्र."

"रोज झाकता?"

"रोजच्याला. गुर्जीनी सांगतलं व्हतं, पुण्याची वस्तू हाय, जिवापाड जप. मंग? रातीला भायेर काय उगडं ठेवायचं नाय. लाकडं झाकतो, कोंबड्या झाकतो, हे तर इलायती भांडं. सकाळी धार काडायला उठलं का पयलं ह्याला उगडते, मंग म्हशीकडं जाते."

मी तिथंच दगडावर टेकले. आधी हसू आलं, मग ते आवरेना. गुरुजी धावत आले, त्यांना हसत हसतच सांगितलं. डोंगरावर दिवसाचा पाऊस तेवढा बाटलीत जात होता. रात्री जो कोसळायचा, तो सगळा पारूबायच्या इरल्यावरून जमिनीत. पोरं उजाडल्यावर यायची तेव्हा यंत्र उघडंच असायचं. सह्याद्री खरा होता, पोरगी खरी होती आणि पारूबाय तर सगळ्यांत खरी होती.

पण तिला उमगलं तेव्हा ती रडकुंडीला आली. "म्हंजी माज्यापायी पोरांचं खोटं झालं? मला कुनी बोललं नाय गो, हे भिजायलाच ठेवलंय म्हनून!"

"कोण कशाला बोलेल?" मी म्हटलं. "पाऊस मोजायचं यंत्र पावसात ठेवायचं, हे सांगायला लागेल असं आम्हाला वाटलंच नाही. तुम्ही ते लेकरासारखं जपलंत. आता एकच करा, आज रात्रीपासून ह्याला भिजू द्या."

तिनं इरलं उचललं खरं, पण जाताना दोनदा मागे वळून पाहिलं. उघड्यावर निजवलेल्या पोराकडे बघावं तसं.

सकाळ

रात्रभर कौलांवर पाऊस आपटत होता आणि जाग आली की मला बरं वाटत होतं. साडेआठच्या आधीच सगळी शाळा यंत्राभोवती जमली. पारूबायही पदर डोक्यावर घेऊन आली. सुवर्णानं बाटली काढली. ती गळ्यापर्यंत भरली होती. तिनं मापपात्र भरलं, आकडा सांगितला, ओतून दिलं. पुन्हा भरलं. पुन्हा ओतलं. पोरं मोठ्यानं मोजायला लागली. पात्र भरतच राहिलं तसा आवाज वाढत गेला, आणि शेवटची बेरीज फळ्यावर उतरली तेव्हा एक पोरगा म्हणाला, "आयला, येवडा पडतो आपला?" जन्मभर ज्या पावसात तो वाढला, त्याची त्याला पहिल्यांदाच ओळख होत होती. मला फार आनंद झाला. हे बघायलाच तर मी आले होते.

गुरुजींनी मला बाजूला घेतलं. त्यांचा चेहरा खुलला होता, पण डोक्यात काही तरी शिजत होतं. "ताई, आजचं झालं. पण मागच्या नोंदी? जूनपासूनच्या सगळ्या अर्ध्या. पुण्याची मंडळी म्हणतील, ह्यांचं सगळंच बाद. मी काय म्हणतो, महाडचे आकडे आहेतच तुमच्याकडे. त्या प्रमाणात आपण वाढवून लिहू. खोटं थोडंच आहे? पाऊस पडलेलाच आहे."

खरं सांगते, मला ते पटलं. पाऊस पडला होता यात शंका नव्हती. मुलांची मेहनत खरी होती. अंदाज मी बांधला असता तर बऱ्यापैकी जवळचा बांधला असता. कोणाचं काही बिघडत नव्हतं, उलट यंत्र वाडीत राहण्याची सोय होत होती. मी म्हटलं, "बघू या. वही आणा."

सुवर्णानं वही आणली, पण दिली नाही. छातीशी धरून उभी राहिली. तिनं आमचं बोलणं ऐकलं होतं.

"म्याडम, वाडवून कसं लिवायचं?"

"अगं, रात्री पाऊस झालाच की नाही?" गुरुजी म्हणाले.

"झाला. पर किती?"

"तेच तर अंदाजानं..."

"मंग त्यो घरी बसूनच लिवल्यासारखा झाला."

गुरुजींनी वहीसाठी पुढे केलेला हात मागे घेतला.

"अगं, पण मग मंडळी यंत्र काढून नेतील," गुरुजी कळवळून म्हणाले. "खाली महाडला चौथरा बांधून तयार आहे."

तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं. यंत्र जावं असं तिला वाटत नव्हतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. तरी ती म्हणाली, "नेऊ देत. जो पाऊस आमी मोजलाच नाय, तो कसा लिवायचा?"

पहिल्यांदाच तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. न घेतलेली नोंद अंदाजानं भरायचा मोह भल्याभल्यांना होतो, आणि त्यासाठी त्यांच्याकडे सुंदर कारणं असतात. आत्ता माझ्याकडेही होती. मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "लिहू नकोस. आहेत ते आकडे तसेच ठेव. शेरा लिही, फक्त दिवसाचा पाऊस, रात्री यंत्र झाकलेलं होतं. पुण्यात कोणी काही बोललं तर मी बघून घेईन. हे यंत्र इथून हलणार नाही. जोशी सरांच्या चौथऱ्यासाठी मी दुसरं आणीन, वर्गणी काढून आणीन, पण हे तुझ्याकडेच राहील."

गुरुजींनी टोपी काढून चेहरा पुसला. पारूबायनं कानशिलावर बोटं मोडून पोरीची दृष्ट काढली. पोरांना नीटसं काही कळलं नव्हतं, पण यंत्र राहणार एवढं कळलं आणि त्यांनी असा गलका केला की गोठ्यातल्या म्हशी हंबरल्या.

पाऊस पुन्हा जोरात आला. सुवर्णानं बाटली आत ठेवली, नरसाळं बसवलं. मी छत्री उघडून तिच्या शेजारी उभी राहिले आणि तिला सांगू लागले की मोठी झालीस की पुण्याला ये, तिथं पावसाच्या अभ्यासाची मोठमोठी यंत्रं आहेत, ढगांची छायाचित्रं घेणारे उपग्रह आहेत. माझं भाषण चांगलं रंगात आलं होतं. ती ऐकत होती, पण जरा चुळबुळत होती.

"म्याडम," ती शेवटी अदबीनं म्हणाली, "वाईच बाजूला व्हता का? तुमची छत्री यंत्रावर येतेय."